नदीचं मूळ, देवाचं मूळ

आषाढ जवळ आला की आमच्या सोलापुरात एक वाद हमखास निघतो. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. कुणीतरी म्हणतं, विठ्ठल मूळचा कर्नाटकातला. लगेच दुसरा उसळतो, ज्ञानोबा-तुकोबांचा देव कर्नाटकातला कसा असेल? तिसरा म्हणतो, अहो तो तर धनगरांचा देव, तुम्ही दोघं कशाला भांडताय. आमच्या गावात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, त्यामुळे हा वाद इथे जरा जास्तच रंगतो. आणि गंमत म्हणजे तिघंही आपापल्या बाजूने एकाच माणसाचं नाव पुढे करतात. "ढेऱ्यांनी लिहिलंय!"

तर आज या ढेऱ्यांविषयी लिहायचं आहे. त्यांनी काय लिहिलं, आणि आपण त्यातलं किती घेतलं व किती सोयीस्करपणे सोडून दिलं, याविषयी.

रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा जन्म 21 जुलै 1930 चा. गाव निगडे, पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळातलं. सह्याद्रीतलं डोंगरी खेडं. आईवडिलांचं छत्र लहानपणीच गेलं, आजीने सांभाळलं. अशा गावात पोराच्या कानावर जे पडतं तेच त्यांच्याही पडलं असणार. जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, जागरण, डोंगरातल्या देवांच्या कहाण्या. पोरवयातच ते पुण्यात आले आणि कष्ट करत, रात्रशाळेत शिकत पुढे गेले. 'खंडोबा' हे त्यांचं पुस्तक 1961 चं. विद्यापीठाच्या मोठ्या पदव्या त्यानंतरच्या. प्राध्यापकीची खुर्ची नाही, हाताखाली साहाय्यक नाहीत, आणि तरी शंभरावर पुस्तकं. 1 जुलै 2016 ला ते गेले तेव्हा घरात हजारो ग्रंथ आणि पोथ्या होत्या. ज्येष्ठ कवयित्री अरुणा ढेरे या त्यांच्या कन्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. वडिलांची पुस्तकं मात्र नावानेच जास्त ठाऊक असतात.

मला ढेऱ्यांचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटतं ते असं, की त्यांनी पुराव्यात शिवाशिव पाळली नाही. आपल्याकडे अभ्यासाची एक ठरलेली रीत होती. संस्कृत पोथीत असेल तर तो पुरावा. ताम्रपटात असेल तर पुरावा. आणि मेंढराच्या वाड्यावर बसून ढोल वाजवत कुणी गातोय ती 'लोकसमजूत'. ढेरे या दोन्ही गोष्टी एकाच पाटावर शेजारी शेजारी बसवतात. पुराण उघडतात, शिलालेख वाचतात, मूर्तीच्या हातात काय आहे नि काय नाही ते बघतात, गावच्या नावाची फोड करतात, जत्रेत कुणाला कोणता मान आहे ते विचारतात, नवस कशाचा आणि नैवेद्य कशाचा हेही विचारतात. मग यातलं काय एकमेकांना दुजोरा देतं आणि काय एकमेकांना खोडतं, ते शांतपणे मांडतात.

'लज्जागौरी' (1978) वाचताना हे मला पहिल्यांदा नीट कळलं. मस्तकाच्या जागी कमळ असलेली ती मातृदेवता. अशा मूर्ती आपल्या शेजारच्या तेरलाही सापडल्या आहेत. संग्रहालयात पाहून लोक संकोचाने पुढे सरकतात. ढेरे मात्र तिचा धागा रेणुका-यल्लम्मेपर्यंत, वारुळापर्यंत, पेरणीआधीच्या भुईपर्यंत नेतात, आणि संकोचाची जागा हळूहळू आदर घेतो.

आता विठ्ठलाकडे येऊ. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ 1984 चा, त्याला 1987 सालचं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. ग्रंथ मोठा आहे आणि त्यातला युक्तिवाद दोन ओळींत सांगणं म्हणजे अन्याय आहे, पण सांगणं भाग आहे.

विठ्ठलाची मूर्ती पाहा. चक्र उगारलेलं नाही, गदा नाही, हात कमरेवर. विष्णूच्या ज्या चोवीस नावांचा आपण संध्येत उच्चार करतो, त्यांत हे नाव नाही. दशावतारांच्या जुन्या याद्यांतही नाही. त्याला विष्णुरूप देणारी पांडुरंगमाहात्म्यं आहेत, पण देव आधी प्रसिद्ध झाला आणि माहात्म्यं मागाहून रचली गेली असं दिसतं. मग हा आधीचा देव कोण? इथे ढेरे पोथी मिटून डोंगराकडे वळतात. धनगरांमध्ये विठ्ठल आणि बिरोबा ही जोडी आहे, दोघे भाऊ मानलेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेव आजही जोडीने उभे आहेत, आणि तिथल्या जत्रेत मान धनगरांचा आहे. कर्नाटकातले कुरुब, आंध्रातले गोल्ल, हे सगळे पशुपालक समाज. त्यांच्या कथांमध्ये पुन्हा पुन्हा तीच माणसं, तीच जनावरं, तीच रुसून रानात गेलेली देवी भेटते. तिरुपतीचा वेंकटेशही डोंगरावरचाच. पंढरपूरला रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली असं आपण म्हणतो, तिथेही ढेऱ्यांना जुनी रानदेवी दिसते.

आणि खुद्द पंढरपुरात या गवळीपणाच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. आषाढी वारीची सांगता गोपाळपूरच्या टेकडीवर गोपाळकाल्याने होते. विष्णुपदाला खडकावर देवाच्या पावलांबरोबर गाईंची खुरं दाखवतात, आणि मार्गशीर्षात देव तिथे मुक्कामाला असतो म्हणतात. आपण दरवर्षी हे करतो, फक्त असं का करतो हे विचारत नाही.

ढेऱ्यांच्या मते हा गवळी-धनगरांचा देव डोंगर-माळावरून भीमेकाठी आला, पुढे राजसत्तेने त्याला थोरपण दिलं, वैष्णवांनी त्याला कृष्णरूपात पाहिलं आणि संतांनी त्याला आई केलं. पंढरपूरच्या मंदिरात 1237 सालचा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला शिलालेख आहे, आणि 1273 पासूनचा यादव रामचंद्राच्या काळातला 'चौऱ्यांशीचा लेख'ही आहे. म्हणजे दक्षिणेकडचा राजा आणि देवगिरीचा राजा, दोघांचेही हात या देवळाला लागलेले आहेत. गावाचं जुनं नाव 'पंडरगे', तेही कानडी वळणाचं. आणि ज्ञानदेवांनीच देवाला 'कानडा' म्हटलं आहे, त्याला आपण काय करणार?

सोलापूरकरांना तर यासाठी लांब जायला नको. नकाशा घेऊन बसा. पश्चिमेला माळशिरस तालुका शंभुमहादेवाच्या डोंगराला जाऊन भिडतो. शिखर शिंगणापूर सातारा जिल्ह्यात, पण चैत्रात कावडी ज्या मुंगी घाटाने चढतात तो आपल्या कोथळ्याच्या बाजूचा. पाण्याने भरलेल्या जड कावडी माणसांची साखळी करून त्या उभ्या कड्यावर नेताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना डोंगरातला देव म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. ढेऱ्यांनी शिंगणापूरच्या शंभुमहादेवावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात बळिप नावाच्या दक्षिणेतून आलेल्या पुरुषाचा माग काढत त्यांनी भोसले घराण्याचा संबंध होयसळांशी जोडला. हे सगळ्यांनाच पटलं असं नाही. पण त्यासाठी त्यांनी कुठली कुठली साधनं धुंडाळली ते पाहिलं की छाती दडपते.

दक्षिणेला मंगळवेढा तालुक्यात हुलजंती. दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री महालिंगरायाच्या शिखराला खुद्द शंकर-पार्वती मुंडास बांधून जातात अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी पालख्यांची भेट होते. हुन्नूरचा बिरोबा गुरू, महालिंगराया शिष्य. भंडारा, खोबरं आणि लोकर यांची अशी उधळण होते की माणसं आणि ओढा सगळं पिवळं होऊन जातं. मराठी आणि कानडी बोलणारे धनगर तिथे खांद्याला खांदा लावून उभे असतात, आणि गुरुशिष्यांच्या भेटीत कुठली सीमा ते कुणाच्या मनातही येत नाही.

या देवांच्या मागे डोंगर हिंडलेला आणखी एक माणूस होता, हायडेलबर्ग विद्यापीठाचा गुंथर सोन्थायमर (1934–1992). कायद्याचा अभ्यास करणारा हा जर्मन माणूस बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या नादी लागला, धनगरांच्या वाड्यांवर राहिला, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. 1976 साली त्याने या तीन देवांवर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याने 'वन' आणि 'क्षेत्र' अशी एक जोडी मांडली. वन म्हणजे डोंगर, रान, मेंढपाळ, शिकारी. क्षेत्र म्हणजे नांगरलेली जमीन, नदीकाठ, गाव, देऊळ. आपले कितीतरी देव वनातून क्षेत्रात आले, आणि क्षेत्रात आल्यावरही वर्षातून एकदा वनाकडे परततात. ढेऱ्यांचे ग्रंथ आणि सोन्थायमरची मुद्रणं शेजारी ठेवली की आपला सगळा पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्र वेगळाच दिसायला लागतो.

आता वादाकडे. आपल्याकडे म्हण आहे, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. माझ्या ओळखीचे एक वयोवृद्ध वारकरी आहेत, पायी वारी कधी न चुकवलेले. त्यांच्यापुढे एकदा मी ढेऱ्यांचा विषय काढला तर त्यांनी हीच म्हण ऐकवली. "मूळ हुडकून काय करायचंय रे बाबा? माझा पांडुरंग मला भेटतोय न्हवं? बास झालं की." मी गप्प बसलो. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हे उत्तर पुरेसं आहे, आणि त्यांना कुठलाही ग्रंथ वाचायची गरज नाही.

पण प्रत्येकाचा नकार इतका निर्मळ नसतो. ढेऱ्यांनी जेव्हा मांडलं की विठ्ठलाची आद्य मूर्ती आपल्या माढ्याला आहे, तेव्हा मोठं वादळ उठलं. अफझलखानाच्या 1659 च्या स्वारीत पंढरपूरची मूर्ती माढ्याला हलवली होती, अशी परंपरा आहे. स्कंदपुराणातल्या माहात्म्यात मूर्तीच्या छातीवर मंत्राची अक्षरं असल्याचं वर्णन आहे. ती पंढरपूरच्या आजच्या मूर्तीवर दिसत नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर दिसतात, म्हणून मूळ मूर्ती तीच, असा त्यांचा तर्क. हा तर्क खोडता येईल. इतर अभ्यासकांनी तसा प्रयत्नही केला आहे. पण पुष्कळांना तर्क खोडायचा नव्हता, प्रश्नच नको होता. पंढरपूरच्या मूर्तीसमोर शतकानुशतकं जी डोकी टेकली, त्यांचं काय, असा त्यांचा सवाल. मला विचाराल तर त्या डोक्यांना काहीच झालेलं नाही. ज्या दगडासमोर इतक्या पिढ्या रडल्या-हसल्या, त्याला आद्यत्वाच्या दाखल्याची गरज कशाला लागेल?

माझं म्हणणं असं आहे. मूळ सापडलं म्हणजे मालकी सापडली असं नाही, आणि ढेऱ्यांचं नाव घेऊन भांडणारे आपण सगळे नेमकी हीच गफलत करतो. कानडीचा अभिमानी पुस्तकाचा पहिला भाग वाचतो आणि देव आपल्या खात्यावर लावतो. मराठीचा अभिमानी तेवढ्यावरूनच पुस्तकावर रागावतो. जातीचा अभिमानी आपल्यापुरतं पान फाडून घेतो. पण ग्रंथाच्या नावातच 'महासमन्वय' आहे. मेंढपाळाचा देव, राजाचा देव, पुराणिकाचा देव, शिंप्याचा, महाराचा, कुणब्याचा देव असे थर एकावर एक चढत गेले आणि त्या सगळ्यांचा मिळून आजचा विठ्ठल झाला. यातला एकच थर सुटा काढून 'हाच खरा' म्हणणं म्हणजे उजनीच्या धरणात उभं राहून भीमाशंकरचं पाणी वेगळं काढून दाखवण्यासारखं आहे. (आंदर मावळातलं पाणीही इंद्रायणीतून भीमेला मिळतं आणि पंढरपूरला चंद्रभागा होतं. म्हणजे ढेऱ्यांच्या गावचा पाऊसही विठ्ठलाच्या पायाशी येतोच.)

इथपर्यंत बहुतेक लोक माना डोलावतील. समन्वय हा शब्द आपल्याला फार आवडतो, कारण त्यात कुणालाच काही सोडावं लागत नाही. पण थोडं थांबून विचारू या, की या समन्वयात कुणाला काय मिळालं?

देव डोंगरातून खाली आला. त्याच्याबरोबर आलेला मेंढपाळ कुठे राहिला? चोखोबांचा देह मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेला, आणि पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाबाहेर. अस्पृश्यांसाठी हे मंदिर उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपायला 2014 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. जो देव एकेकाळी उघड्या माळावर, कुणीही यावं असा उभा होता, त्याच्या भोवती इतकी दारं बसली आणि ती उघडायला इतकी वर्षं लागली. समन्वयात देव सगळ्यांचा झाला, पण गाभारा सगळ्यांचा झाला नाही. म्हणून मुळाचा शोध महत्त्वाचा. मालकी सांगायला तो उपयोगाचा नाही, पण ज्यांनी हा देव दिला त्यांनाच दारात अडवलं गेलं, हे लक्षात ठेवायला तो लागतो. माझ्या वारकरी काकांना मूळ नको असेल तर नको. ज्यांनी दारं बसवली त्यांच्या वारसांना, म्हणजे माझ्यासारख्या पुस्तकं वाचणाऱ्या पांढरपेशांना, ते हवंच.

आणि उरलेल्या मेंढपाळांचं आज काय आहे? मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर अजून मेंढरांचे कळप दिसतात. घोड्यावर संसार, त्यात कोंबड्या, वर एखादं पोर. पण चराईची माळरानं आता पहिल्यासारखी मोकळी नाहीत, आणि त्यांची पोरं शाळेत जातात, जायलाच हवीत. बिरोबाची कथा रात्र-रात्र गाऊ शकणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. ढेरे जे पुरावे वाचत होते त्यांतले शिलालेख आणखी शे-दोनशे वर्षं टिकतील. ओवी गाणाऱ्याबरोबर जाते.

सोन्थायमरच्या संग्रहातल्या बिरोबा आणि धुळोबाच्या दोन दीर्घकथा ॲन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीने 2014 साली इंग्रजीत आणल्या. त्याआधी 2011 साली ढेऱ्यांचा विठ्ठलावरचा ग्रंथही त्यांनीच इंग्रजीत नेला. चांगलं झालं. पण हुलजंतीच्या वालुगात गाणाऱ्याचा आवाज अमेरिकेतल्या ग्रंथालयात सापडावा आणि सोलापुरात सापडू नये, हे काही बरं नाही. 2019 साली आपल्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. एका धनगराच्या लेकीचं नाव. त्या नावाला शोभेल असं धनगरी ओव्यांचं, कानडी डोल्लूच्या पदांचं, कावडीच्या गाण्यांचं मोठं दालन तिथे असावं, मराठी, कन्नड आणि तेलुगू जाणणारी पोरं त्यासाठी गावोगाव हिंडावीत, आणि ज्यांच्याकडून ऐकलं त्यांची नावं नि मानधन विसरू नये, एवढी माझी अपेक्षा आहे. अशी तीन भाषांची पोरं दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाला इतक्या सहज मिळणार आहेत?

तोवर निदान एवढं करता येईल. पुढच्या आषाढात टपरीवर वाद निघाला आणि कुणी "ढेऱ्यांनी लिहिलंय" म्हणालं, तर त्याला हळूच विचारायचं, कितव्या पानावर? उत्तर आलं नाही तर रागवायचं नाही, पुस्तक वाचायला द्यायचं. माझी प्रत गेल्या वर्षी अशीच एकाकडे गेली आहे, अजून परत आलेली नाही. म्हणजे वाचत असावा!